सगळं लेकीच्या नावावर करण्याआधी

साताऱ्याहून एका आईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि पत्र थोडक्यात दिलं आहे. त्या लिहितात:

"माझं वय ६६, यजमान ७१ वर्षांचे, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. मुलगा ३४ वर्षांचा, त्याला डाउन सिंड्रोम आहे. स्वतःचं आवरतो, रोज बसने कार्यशाळेत जाऊन पणत्या रंगवतो, पण पैशांचा व्यवहार त्याला जमत नाही. मुलगी ३८ वर्षांची, पुण्यात असते, दोन मुलं आहेत, जावयांचा व्यवसाय आहे. आमचा स्वतःचा फ्लॅट, बँकेत आणि पोस्टात मिळून ३८ लाख, आणि गावी दोन एकर सामाईक शेती. यजमान म्हणतात, आताच बक्षीसपत्र करून सगळं मुलीच्या नावावर करू, ती भावाला अंतर देणार नाही. दीर म्हणतात, मुलीचा गावच्या जमिनीशी काय संबंध, जमिनीवर हक्कसोड करून द्या, पुतण्या बघेल त्याला. ओळखीच्या एका सीएंनी ट्रस्ट करा असं सुचवलं. पण ट्रस्ट मोठ्या लोकांचे असतात, आम्ही साधी माणसं. मुलीला विचारायची गरज नाही, ती नाही म्हणणारच नाही. मृत्युपत्राचा विषय काढला की यजमान उठून जातात. काय करावं?"

ताई,

तुमच्या पत्रात मुलाच्या थायरॉइडच्या गोळीची वेळ आहे, तो कुठल्या बसने जातो ते आहे, ठेवींच्या पावत्या कुठल्या कपाटात आहेत तेही आहे. लेकीचं म्हणणं मात्र कुठेच नाही. ती नाही म्हणणार नाही, हे मला पटतं. पण नाही म्हणता येत नाही म्हणून हो म्हणणं आणि समजून उमजून हो म्हणणं यांत पुढच्या ३० वर्षांचा फरक आहे. तुम्ही दोघांनी तिच्या खांद्यावर दोन जबाबदाऱ्या एकदम ठेवल्या आहेत: भावाचा सांभाळ आणि भावाचे पैसे. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात आणि त्या वेगळ्या कराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

बक्षीसपत्र गुरुजींना सोपं का वाटतं ते कळतं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. कामही एका दिवसात होतं. पण एकदा नोंदवलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. त्या दिवसापासून फ्लॅट लेकीचा. तिच्या मनात काही वावगं येईल असं मी म्हणत नाही. तिच्या हातात नसलेल्या गोष्टींचा विचार करा. उद्या जावयांच्या व्यवसायाच्या कर्जाला ती जामीन राहिली आणि धंदा बसला, तर बँक तिच्या नावावरच्या घराकडे बघेल. त्या घरात तिचा भाऊ राहतो याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. आणि लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे: ती मृत्युपत्र न करता भावाआधी गेली, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिची मालमत्ता आधी नवऱ्याकडे आणि मुलांकडे जाते. भाऊ त्या रांगेत फार मागे उभा असतो. मग तुमच्या मुलाच्या डोक्यावरचं छप्पर जावयांच्या आणि नातवंडांच्या भलेपणावर अवलंबून राहील. ते भले असतीलही, पण कागदावर त्याचा हक्क उरणार नाही.

काहीच केलं नाही तर काय होतं, तेही बघा, कारण बहुतेक घरांत तेच होतं. गुरुजी मृत्युपत्राशिवाय गेले तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानुसार तुम्ही, मुलगा आणि मुलगी असे तिघे समान वारस होता. आजारपणामुळे किंवा व्यंगामुळे कुणाचा वारसाहक्क जात नाही, असं या कायद्यात स्वच्छ म्हटलं आहे, आणि ते योग्यच आहे. अडचण पुढे येते. एरवी घरात कुणीतरी हक्कसोडपत्र करून देतं आणि विषय मिटतो. तुमच्या मुलाला कायदेशीर अर्थाने अशी सही करता येत नाही, आणि त्याच्या वतीने त्याचा हिस्सा सोडून द्यायचाही कुणाला अधिकार नाही. त्याचा एकतृतीयांश हिस्सा त्या फ्लॅटमध्ये अडकतो. विकायचा म्हटला की आधी त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्या, मग परवानगी मिळवा. तुमच्या औषधपाण्यासाठी घर विकायची वेळ आली तरी हेच.

दिरांच्या प्रस्तावावर फार शब्द खर्च करत नाही. हक्कसोडपत्रावर सही करू नका. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुतण्या 'बघेल' हे तोंडी आश्वासन आहे, हक्कसोड मात्र नोंदवलेली असते. पुतण्याला खरंच माया असेल तर ती जमिनीशिवायही दिसेल.

आता ट्रस्टबद्दल. तुम्ही म्हणता ते मोठ्या लोकांचे ट्रस्ट म्हणजे दवाखाने, शाळा, देवस्थानं चालवणारे सार्वजनिक न्यास. ते धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात. तुम्हाला हवा तो खासगी ट्रस्ट. त्याचा धर्मादाय आयुक्तांशी संबंध नाही. तो १८८२च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली होतो आणि त्याला किमान रकमेची अट नाही. कल्पना साधी आहे: मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात राहते, ती वापरायची मात्र फक्त लाभार्थ्यासाठी, म्हणजे तुमच्या मुलासाठी, आणि तीही ट्रस्टडीडमध्ये (ट्रस्टच्या लेखी दस्तात) लिहिल्याप्रमाणे. विश्वस्ताला त्यातून स्वतःचा फायदा करून घेता येत नाही, हिशेब ठेवणं त्याच्यावर बंधनकारक असतं. लेक विश्वस्त असली तरी ती मालमत्ता तिची खासगी नसते. म्हणून जामीनकीच्या कर्जाला ती लागत नाही, आणि तिच्या पश्चात तिच्या वारसांकडेही जात नाही.

तुमच्यासारख्या घराला मी असं सुचवेन: आता एक छोटा ट्रस्ट करा, चार-पाच लाखांची ठेव त्यात घाला, त्याचं पॅन काढा, बँकेत खातं उघडा. बाकीचं सगळं तुमच्याच नावावर राहू द्या, कारण म्हातारपण तुम्हालाही काढायचं आहे. मग दोघांनी आपापलं स्वतंत्र मृत्युपत्र करा. त्यात लिहा की शेती सोडून आधी सगळं हयात जोडीदाराला, आणि जोडीदार नसेल तर फ्लॅट आणि ठेवी या ट्रस्टला. फ्लॅट आजच ट्रस्टमध्ये टाकला तर डीड नोंदवावं लागतं आणि त्यावर चांगलंच मुद्रांक शुल्क बसतं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. शिवाय ट्रस्ट आधीपासून चालू असला की तुमच्या देखत सगळ्यांना त्याची सवय होते. लेक पहिल्या वर्षाचा हिशेब लिहील तेव्हा काय अडतं ते विचारायला तुम्ही समोर असाल.

डीडमध्ये काय लिहायचं यावर मात्र वेळ घालवा. वकिलांकडे छापील मसुदे असतात, त्यांवर सही करून येऊ नका. मुलाचा महिन्याचा खर्च तुम्ही १५ हजार लिहिलाय. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तरी बारा वर्षांत तो दुप्पट होतो. म्हणजे तो ४६ वर्षांचा असताना ३० हजार, आणि ५८ वर्षांचा असताना ६० हजार. ३८ लाखांवर सात टक्के व्याज धरलं तर महिन्याला २२ हजारांच्या आसपास येतात. आज ते पुरतात, पुढे नाहीत. म्हणून फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि गरज पडली तर विकायचा अधिकार विश्वस्तांना डीडमध्ये स्पष्ट द्या. 'घर विकू नये' असं मायेपोटी लिहून ठेवणारे पालक पुष्कळ आहेत, आणि त्या एका ओळीने पुढे विश्वस्तांचे हात बांधले जातात. 'भरणपोषण' एवढाच मोघम शब्दही ठेवू नका. दिवाळीचे कपडे, बहिणीकडे जायचा प्रवास, दातांचं काम, रंगाचं सामान, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा पगार, हे सगळं खर्चात धरलंय असं लिहा. नाहीतर प्रामाणिक विश्वस्त भीतीने हात आखडता घेतो आणि मुलाची हौस मारली जाते.

विश्वस्त म्हणून आज तुम्ही दोघं आणि लेक असा. तुमच्यानंतर मात्र ती एकटी राहू नये. ट्रस्ट संपल्यावर, म्हणजे मुलाच्या पश्चात, उरलेलं लेकीला किंवा तिच्या मुलांना मिळावं असं तुम्ही बहुधा लिहाल, आणि ते रास्तही आहे. पण मग भावावर कमी खर्च झाला तर तिच्या घरात जास्त उरतं, अशी रचना आपोआप तयार होते. या अवघड जागी तिला एकटीला उभं करू नका. उद्या भाऊबंदांपैकी कुणी बोट दाखवलं तर तिची बाजू मांडायलाही दुसरं कुणी हवं. नात्याबाहेरचा एक माणूस घ्या: गुरुजींचा एखादा जुना विद्यार्थी, ते सीए, कार्यशाळेतल्या एखाद्या दुसऱ्या मुलाचे तरुण नातेवाईक. वयाने तुमच्यापेक्षा बरेच लहान असावेत. बँकेत सही दोघांची मिळून ठेवा. दोघांपैकी एक गेला किंवा बाजूला झाला तर नवा विश्वस्त कोण आणि कसा नेमणार, हे नावानिशी आणि पर्यायानिशी लिहा. विश्वस्ताला कायद्याने आपोआप मोबदला मिळत नाही, तो डीडमध्ये ठरवावा लागतो. बाहेरच्या माणसाला थोडं मानधन जरूर ठेवा, फुकटच्या कामात माणूस तीन वर्षांनी थकतो. काही बँकांच्या ट्रस्टी कंपन्या हे काम व्यावसायिक म्हणून करतात, पण त्यांची फी तुमच्या रकमेला जड जाईल.

कराचं थोडक्यात. लाभार्थी एकटा तुमचा मुलगा आणि उत्पन्नावरचा त्याचा हक्क निश्चित लिहिलेला असेल, तर कर त्याच्या उत्पन्नाच्या हिशेबाने बसतो. कुणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलं, तर एरवी सर्वात वरच्या दराने कर लागतो. ज्यांनी ट्रस्ट सुचवला त्याच सीएंकडून हे कलम तपासून घ्या.

ट्रस्ट पैसे सांभाळतो, माणूस सांभाळत नाही. दवाखान्यात संमतीची सही कोण करणार, तो कुठे राहणार, हे पालकाचं काम. आणि इथे बहुतेक आईवडिलांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की मुलगा १८ वर्षांचा झाला त्या दिवशी तुमचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपलं. गेली १६ वर्षं तुम्ही त्याच्यासाठी सह्या करत आलात, ते सगळ्यांच्या समजूतदारपणावर. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते आणि ती कायदेशीर पालक नेमते. अर्ज आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. मुलाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आधार आणि तुमची कागदपत्रं घेऊन साताऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. हे काम सगळ्यात आधी करा, मृत्युपत्राच्याही आधी. पालकाला नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि नंतर दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, म्हणून मुलाच्या स्वतःच्या नावावर फार काही ठेवू नका. तुमच्यानंतर लेक पालक म्हणून अर्ज करू शकेल. तिने पालक व्हावं आणि पैशांवर तिच्याबरोबर दुसराही विश्वस्त असावा, ही मला सर्वात निकोप मांडणी वाटते.

गुरुजींच्या पेन्शनचा मुद्दा पत्रात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ मध्ये स्वतः कमावू न शकणाऱ्या मनोदुर्बल किंवा अपंग अपत्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. गुरुजींनंतर तुम्ही, तुमच्यानंतर मुलगा. यासाठी मुलाचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र गुरुजींच्या पेन्शनच्या कागदांत आजच लागलेलं असलं पाहिजे. ते हयात असताना पंचायत समितीच्या शिक्षण विभागात एक अर्ज आणि दोन खेपांत हे काम होऊ शकतं. दोघांच्या पश्चात तेच काम लेकीला पुण्याहून करावं लागलं तर तिचे किती हेलपाटे होतील याचा अंदाज तुम्हाला असेलच. महागाईबरोबर वाढत जाणारं हे एकमेव उत्पन्न आहे, त्यामुळे ३८ लाखांपेक्षाही मी याला जास्त महत्त्व देईन.

ठेवींवर 'नॉमिनी मुलगी आहेच' असं तुम्ही निर्धास्तपणे लिहिलंय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याने पैसे ताब्यात घ्यायचे आणि वारसांना किंवा मृत्युपत्राप्रमाणे द्यायचे. ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर यांच्या पश्चात शेअर आणि म्युच्युअल फंडांवरून उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं. गृहनिर्माण संस्थेतही तसंच, नॉमिनीच्या नावे भागपत्र झालं म्हणून वारसांचा हक्क बुडत नाही. तेव्हा नॉमिनी लेकच राहू द्या, बँकेतून पैसे लवकर सुटतात. पण ते ट्रस्टकडे जायचे आहेत हे मृत्युपत्रात लिहिलेलं हवं.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदारांनी तुमची सही बघितलेली असावी आणि तुमच्या समोर त्यांनी सही करावी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. एक साक्षीदार तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम. नोंदणी सक्तीची नाही, तरी दिरांचा सूर बघता दुय्यम निबंधकांकडे नोंदवाच. शेतजमीन ट्रस्टमध्ये घालू नका, बिगरशेतकऱ्याच्या नावे शेती करण्यावर कुळकायद्याची बंधनं आहेत आणि तो गुंता विश्वस्तांना पेलणार नाही. गुरुजींनी आपला हिस्सा मृत्युपत्राने लेकीला द्यावा. तिच्या वाट्यालाही आईवडिलांकडून काही येतंय, हे तिला आणि तिच्या मुलांना कळलं पाहिजे. त्याआधी जमिनीचं वाटप करून सातबारा स्वतंत्र करता आला तर फारच बरं.

मुलगा राहणार कुठे, याचं उत्तर कुठल्याच कागदात नाही. 'लेकीकडे' हे एक उत्तर झालं, एकमेव नव्हे. बदलापूरची 'आधार' ही पालकांनीच उभारलेली संस्था आहे, मुळशीत कोळवणला 'साधना व्हिलेज' आहे. अशा ठिकाणी मोठ्या वयाची मुलं कायमची राहतात, काम करतात. तुम्ही धडधाकट आहात तोवर दोन-चार ठिकाणं मुलाला घेऊन बघून या. कुठे थोडे दिवस राहण्याची सोय असेल तर राहून बघू द्या. ३४ वर्षांच्या माणसाला स्वतःचं मत असतं, त्यालाही विचारा. बोलून सांगता आलं नाही तरी तिथून परतल्यावर तो कसा वागतो त्यावरून तुम्हाला कळेल. आईवडील गेले त्याच आठवड्यात घरही सुटलं, असं त्याच्या बाबतीत होऊ नये.

आणि एक दोनशे पानी वही घ्या. मिक्सर सुरू झाला की तो कान झाकतो, गोळी उपाशीपोटी द्यायची, ताप आला तरी सांगत नाही पण जेवताना पोळी बाजूला सारतो, हे तुम्ही मला इतक्या बारकाईने लिहिलंत. ते सगळं त्या वहीत उतरवा. डॉक्टरांची नावं, प्रमाणपत्रं कुठे आहेत, कार्यशाळेतल्या कुठल्या मित्राशी त्याचं जमतं, तेही. वहीला कायद्याची किंमत नाही. पण विश्वस्त, पालक आणि संस्थेतल्या ताई, तिघांनाही पहिल्या दिवशी हीच वही लागेल.

आता लेकीशी बोलणं. ते फोनवर नको आणि सणावाराला, जावई आणि मुलं सगळे जमलेले असताना नको. तिला एकटीला दोन दिवस बोलवा. 'तू बघशीलच' अशी सुरुवात करू नका. तुझ्याच्याने काय होईल आणि काय होणार नाही, असं विचारा, आणि तिला 'होणार नाही' म्हणायला जागा द्या. भाऊ माझ्या घरी राहू शकणार नाही, पण दर महिन्याला मी त्याला भेटेन आणि पैशांचं चोख बघेन, असं ती म्हणाली तर दुखावून घेऊ नका. तेवढ्यावर पक्की योजना आखता येते.

गुरुजी उठून जातात, कारण मृत्युपत्र म्हटलं की त्यांना स्वतःचं मरण दिसतं. त्यांच्याशी मृत्युपत्रापासून सुरुवातच करू नका. पालकत्वाचा अर्ज आणि पेन्शनमध्ये मुलाचं नाव, ही दोन्ही कामं मुलाच्या भल्याची आणि सरकारी कचेरीतली आहेत. ती ते आनंदाने अंगावर घेतील असं वाटतं, आयुष्यभर शाळेचे कागद त्यांनीच सांभाळलेत. ती मार्गी लागली की ट्रस्टचा कच्चा मसुदा त्यांच्यासमोर ठेवा आणि खर्चाचा तक्ता त्यांनाच करायला सांगा. मृत्युपत्राचं नाव त्यानंतर काढा, आणि तुमचं मृत्युपत्र आधी करा.